गोदाक्काचा स्थिर हात

ताईशी शेवटचं बोलणं झालं ते दवाखान्यात, दुपारच्या चहाच्या वेळी. तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि मी उशाशी बसून तिला गल्लीतल्या बातम्या साभिनय सांगत होतो. साभिनय म्हणजे स्कूटर सुरू करताना शेजारच्या तिवारीजींचा होणारा चेहरा आणि त्याच वेळी वरच्या गॅलरीतून येणारा त्यांच्या मिसेसचा आवाज, दोन्ही भूमिका माझ्याच. ताई हसली की खोकायची आणि ती खोकली की सिस्टर माझ्याकडे डोळे वटारायची. मध्येच ताईनं हात किंचित उचलून मला थांबवलं. म्हणाली, "बाळ्या, तुझा हात आता चांगला झालाय. बघ एकदा."

मी माझा हात उलटसुलट करून पाहिला. त्याला कधीच काही झालं नव्हतं. "बुख़ार में बोल रही हैं, भैया," सिस्टर हळूच म्हणाली, आणि मीही तसंच समजलो. "हो ताई, झालाय चांगला," म्हणालो. ती समाधानानं डोळे मिटून पडली... दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना दवाखान्यातून फोन आला. एका गालावर साबण तसाच घेऊन मी तिथे पोचलो. ताई गेली होती. असती तर नक्की म्हणाली असती, "आज मेकअप अर्ध्यावरच सोडलास?"

याला आता सहा आठवडे झाले. माझी ही बहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. झाशीतल्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं ती खेळाच्या बाई होती आणि आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. आमचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तलवारी घेऊन या मुलखात आले आणि वंशज फायली घेऊन बसले. मीही सदर बाज़ारातल्या विम्याच्या कचेरीत बसतो. अख्ख्या खानदानात इतक्या वर्षांनी हत्याराला हात लावला तो ताईनं. कॉलेजात ती नेमबाजीच्या संघात होती. तिचं एक रौप्यपदक फडताळात, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे, अजून आहे. तिथे का, असं विचारलं की म्हणायची, "बरण्या रोज काढाव्या लागतात. पदक आपोआप पुसलं जातं."

मी मात्र नाटकी माणूस. गणेशोत्सवात आम्हा मराठी घरांचं जे नाटक होतं, त्यात पंचवीस वर्षं मी आहे. प्रेक्षक साठ, त्यातल्या निम्म्यांना मराठी अर्धंमुर्धं कळतं, त्यामुळे हातवारे जरा जास्त करावे लागतात. ती सवय मग कचेरीत, बाजारात, जेवताना, कुठेच सुटत नाही. ताईला माझे हातवारे सोसत नसत. नेमबाजाला हलणाऱ्या वस्तूंचा राग असतो, असं ती सांगायची.

आमची मुलगी ईशा नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा खेळायचा कॉम्प्युटर मधल्या खोलीत राहिला. त्यावर एक खेळ होता. उद्ध्वस्त झालेलं एक शहर, त्यात यंत्रं आणि राक्षस मोकाट सुटलेले, आणि आपण एक चिलखत घातलेली शिपाईबाई. तिच्या हातात लांब बंदूक. शिवाय तिला काही शक्ती असतात. एक कळ दाबली की भोवती ढाल उभी राहते, दुसरीनं आपलंच एक खोटं रूप समोर उभं राहतं आणि शत्रू त्याच्यावर तुटून पडतात, तिसरीनं काळ संथ होतो, म्हणजे सगळं जग मधात बुडाल्यासारखं हलतं आणि आपण मात्र नेहमीच्या वेगानं. शक्ती वापरली की कोपऱ्यातली निळी पट्टी रिकामी होते आणि सावकाश पुन्हा भरते. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण त्या दुसऱ्या कळीनं मला वेड लावलं. स्वतःचं खोटं रूप उभं करून आपण बाजूला व्हायचं... मी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

एका रविवारी मी खोट्या रूपांची अशी रांगच लावून बसलो होतो. आवाजाची तक्रार करायला ताई खाली आली. दारात उभी राहून दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "रायफल अशी धरतात?"

"ताई, ती तिची ती धरते. मी नुसतं बटण दाबतो."

"सरक."

आम्ही खुर्चीवर कधी खेळलो नाही. कॉम्प्युटरपुढे ताईच्या शाळेनं मोडीत काढलेला दोन मुलींचा बाक होता. ती बाकाच्या उजव्या बाजूला बसली, माउस हातात घेतला, आणि पहिल्या गोळीआधी तिनं अर्धा श्वास सोडला आणि तिथेच थांबवला. दूरच्या छपरावरचं एक यंत्र कोसळलं. ती आयुष्यातली तिची पहिली डिजिटल गोळी होती आणि ती डोक्यात बसली होती. तिनं नवी शिपाईबाई सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं गोदाक्का. ही आमची पणजी. खऱ्या गोदाक्कानं अडकित्त्याखेरीज दुसरं हत्यार कधी धरलं नव्हतं, आता ती चिलखत घालून राक्षस लोळवू लागली. संध्याकाळचा चहा झाला की गोदाक्का मोहिमेवर निघायची. बाकाच्या डाव्या बाजूला बसून मी सल्ले द्यायचो. आमच्या भांडणाची सुरुवात तिथेच झाली.

या खेळात लढाया जिंकल्या की गुण मिळतात. ते आपण हवे तिथे लावायचे. बंदुकीच्या कामाला, नाहीतर शक्तींना. बंदुकीकडच्या पानावर 'स्थिर हात' नावाची एक पट्टी आहे. तिच्यात जेवढे गुण भराल, तेवढी दुर्बिणीतून बघताना बंदूक कमी डुलते. ताईनं पहिल्या गुणापासून सगळे तिथेच लावायला घेतले.

"अगं, एखादा तरी शक्तीला लाव. समोर वीस जण आले की काय करशील?"

"वीस गोळ्या घालीन."

"आणि निळी पट्टी? ती भरून वाया चाललीय."

"बाळ्या, मला जादू करून कुणाला मारायचं नाही. नेम येतो मला."

माझं म्हणणं, शक्ती कशाला दिल्यात मग? खेळ रचणाऱ्यानं काही विचार केलाच असेल ना. तिचं म्हणणं, ज्याला नेम येत नाही त्याच्यासाठी ती सोय केली आहे. अलका, म्हणजे आमची सौभाग्यवती, चहाचा ट्रे ठेवून म्हणायची, "अहो, दोघांची मिळून वयं किती आणि भांडता कशावरून." पण मला त्या भांडणात खरोखर रस होता. लढताना बंदूक आणि शक्ती एकमेकींच्या मैत्रिणी असतात. काळ संथ केला तर नेम सोपा होतो, खोटं रूप पुढे केलं तर नेम धरायला उसंत मिळते. त्यांची भांडणं लागतात ती गुण वाटताना. एकीला दिलेलं दुसरीच्या वाट्यातून जातं. ताई सगळं एकीलाच देत गेली. दोन वर्षांत गोदाक्काचा हात दगडासारखा झाला, आणि शक्ती पहिल्या दिवशी होत्या तेवढ्याच.

नेमक्या त्याच सुमारास ताईचा उजवा हात थरथरू लागला. आधी बशीत कप वाजायचा. मग सही बदलली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले की हळूहळू वाढेल, पण वर्ष-दोन वर्षं हात कामाचा राहील. ताईनं ते हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकलं. गुरुवारी मुलींना रायफल शिकवायला ती निवृत्तीनंतरही जायची, तशी जात राहिली. संध्याकाळी बाकावर बसत राहिली. गोदाक्काच्या बंदुकीच्या दोन गोळ्यांतलं अंतर वाढलं, एवढंच. तिच्या शेजारी बसून मला ते दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

तेव्हा मी एक उद्योग केला. त्या खेळात एका पडक्या इमारतीत एक काचेची खुर्ची आहे. तिच्यात आपल्या शिपायाला बसवलं की आधी दिलेले गुण काढून दुसरीकडे लावता येतात. ताई तिच्या मैत्रिणीकडे गुरसराय गावी गेली होती. मी गोदाक्काला खुर्चीत बसवलं, स्थिर हातातले बारा गुण काढले आणि तिसऱ्या कळीला, काळ संथ करण्याला, लावले. विचार असा, की कळ दाबायला कुठे नेम लागतो? ताईला न सांगता तिचं काम सोपं होऊन जाईल, आणि मग मी एखाद्या प्रसंगी पडदा बाजूला सारावा तसं हे उघड करीन, टाळ्या घेईन. माझ्या डोक्यात प्रवेश पूर्ण बसवलेला होता.

ताई परत आली. चहा झाला. गोदाक्का एका पुलावर चढली, तिनं दुर्बीण डोळ्याला लावली, आणि ती बंदूक गलबतासारखी डुलायला लागली. पहिली गोळी हुकली. दुसरी हुकली. तिसऱ्या वेळी ताईनं श्वास थांबवला, खूप वेळ थांबवला, आणि तीही हुकली. तिनं माउस खाली ठेवला. उजवा हात पदराला पुसला आणि मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"आज गारठा आहे जरा," ती म्हणाली.

झाशीत मे महिना होता. कूलर धापा टाकत होता.

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. माझ्यासारखा बडबड्या माणूस, ज्याचं तोंड हिवाळ्यात गोधडीतही बंद होत नाही, तो गप्प बसला. ताई वर गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुवारी तिनं शाळेत फोन करून सांगितलं की दुसऱ्या बाई बघा, रायफलच्या कपाटाची किल्ली पाठवून देते. किल्ली कागदात गुंडाळून तिनं अलकाजवळ दिली आणि म्हणाली, "डॉक्टर वर्ष-दोन वर्षं म्हणाले होते गं. इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं."

अलकानं ती किल्ली मला दाखवली. मी ईशाला फोन केला. आमच्या ईशाला मराठी सगळं कळतं आणि बोलताना ती हिंदीतच बोलते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पापा, आपने आत्या का पूरा बिल्ड बिगाड़ दिया." बिल्ड म्हणजे खेळातली गुणांची मांडणी. मग म्हणाली, "गेम वाला तो मैं ठीक करवा दूँगी. आत्या वाला आप जाकर ठीक कीजिए. अभी."

मी जिना चढलो. ताई खिडकीशी मुगाची डाळ निवडत बसली होती, डाव्या हातानं. मी भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. "ताई, पुलावर तुझा हात नव्हता हलला," एवढंच म्हणालो.

"समजूत घालायला आलास?"

"नाही. मी गोदाक्काला खुर्चीत बसवलं होतं. तिचा स्थिर हात काढून घेतला. बारा गुण."

ती डाळ निवडायची थांबली.

"म्हणजे ती बंदूक..."

"आपोआप डुलत होती. मी जरी बसलो असतो तरी डुलली असती. कुणीही."

"शपथ?"

"तुझ्या गळ्याची."

"माझ्या नको. स्वतःच्या गळ्याची घे, त्याचा वापर जास्त आहे."

घेतली. मग तिनं शेजारचं वर्तमानपत्र उचललं, शांतपणे त्याची गुंडाळी केली, आणि त्या थरथरत्या उजव्या हातानं माझ्या टाळक्यात मारली. बरोबर मधोमध. "हं," स्वतःशीच म्हणाली, "आहे अजून." दुसरा फटका थोडा जोरात बसला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसतही होती. "बाळ्या, हात जायचा तेव्हा जाईल. पण तो गेलाय हे मला तू सांगायचं नाहीस. मी बघीन, मी ठरवीन. कळलं? आता अलकाकडून माझी किल्ली आण."

गुण परत जागच्या जागी गेले, ताई मुलींकडे जाऊ लागली, आणि तो पाऊसकाळ आणि अर्धा हिवाळा तिचा हात खरोखरच कामाचा राहिला. मग एका संध्याकाळी बाकावर बसल्यावर तिनं माउसला हात लावला नाही. म्हणाली, "चल, आता बसव तिला खुर्चीत." मी चहाचा कप उचलला. "बसव. निम्मा स्थिर हात काढ आणि काळाला लाव. आणि तू इकडे ये, मी तिकडे."

आम्ही जागा बदलल्या. ती डावीकडे, कीबोर्डवर. तिचा डावा हात अजून बरा होता, आणि कळ दाबायला तेवढा पुरत होता. गोदाक्काचं चालणं आणि शक्ती ताईकडे. नेम आणि गोळी माझ्याकडे. दोघांत मिळून एक पणजी. माझा नेम किती वाईट आहे हे त्या दिवशी जगाला कळलं.

"उजवीकडे, बाळ्या. उजवीकडे. जेवतोस त्या हाताला."

"दिसलाय मला."

"मग भिंतीला का मारतोयस? ती कुठे पळून चाललीय?"

पण ताईची तिसरी कळ! जिला ती इतकी वर्षं जादू म्हणून हिणवत होती, ती कळ तिनं अशी वापरली की मी बघत राहिलो. मी एकटा खेळायचो तेव्हा निळी पट्टी भरली की लगेच उडवून टाकायचो. ताई थांबायची. राक्षस अंगावर येतोय, मी ओरडतोय, "दाब, ताई, दाब", आणि ती थांबलेली. मग तिचा तो अर्धा श्वास माझ्या डाव्या कानाशी ऐकू यायचा, आणि जग मधात बुडायचं. नेमक्या त्या वेळी माझ्या दुर्बिणीत राक्षसाचं डोकं असायचं. अर्ध्या आयुष्याची नेमबाजी तिनं बोटातून काढून त्या वाट बघण्यात ठेवली होती. "मी नेम धरते, तू नुसती गोळी सोड," ती म्हणायची. आमचा इतक्या वर्षांचा वाद कोण जिंकलं, ते आम्ही दोघांनी कधी विचारलं नाही. पुढे तिचा डावा हातही कापायला लागला, तरी तिसरी कळ चुकली नाही.

असं करत सव्वा वर्षात गोदाक्का शेवटच्या दारापर्यंत पोचली. मोठं लोखंडी दार, पलीकडे शेवटची लढाई. त्या दिवशी ताईला खोकला होता, पण ती उत्साहात होती. "उद्या दार उघडू," म्हणाली. "आज मंगोडे खाऊ. सदरमधून आण, त्या कोपऱ्यावरच्याकडून. आणि हिरवी चटणी वेगळी बांधून घे, आणि येताना इलाइट चौराह्यावरून माझ्या गोळ्या." मी कुरकुरलो. मुगाची ही भजी एका टोकाला, गोळ्या दुसऱ्या टोकाला, ऑटो मिळेना, मंगोडेवाल्याकडे गर्दी, "भैया, ताज़ा घान निकल रहा है, दो मिनट". त्याची दोन मिनिटं म्हणजे वीस. तासाभरानं परत आलो तर ताई बाकावर घामाघूम होऊन बसली होती आणि कॉम्प्युटर बंद होता. "दमले," म्हणाली. मंगोडे दोनच खाल्ले. तीन दिवसांनी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा तो कॉम्प्युटर लावला. बाकाच्या उजव्या बाजूला बसलो. डावीकडे बसवेना. गोदाक्का दारापुढे उभी होती, आम्ही सोडली तशी. सहज म्हणून मी दुर्बीण डोळ्याला लावली, दाराच्या कडीवर धरली, आणि चमकलो. बंदूक हलत नव्हती. एक रेसभरही नाही. मी माउसवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. आणि मग दवाखान्यातलं ते वाक्य कानात आलं... "तुझा हात आता चांगला झालाय. बघ एकदा."

मी गुणांचं पान उघडलं. स्थिर हाताची पट्टी काठोकाठ भरलेली होती. ढाल रिकामी. खोटं रूप रिकामं. काळाचे सगळे गुण काढलेले, एक सोडून. मी मंगोड्यांच्या रांगेत उभा होतो तेव्हा ताईनं गोदाक्काला खुर्चीत बसवलं होतं. ते काम माउसनंच होतं. एकेक गुण काढायला मोहरीएवढ्या ठिपक्यावर नेम धरून दाबावं लागतं आणि लावायला दुसऱ्या ठिपक्यावर. तिच्या त्या उजव्या हातानं तिनं ते कितीदा केलं असेल, किती वेळा हुकली असेल, श्वास किती वेळा थांबवला असेल... आणि मी चटणी वेगळी बांधून घ्यावी लागली म्हणून कुरकुरत आलो होतो.

माझ्यासारखंच, न सांगता केलं तिनं. फक्त मी तिच्या हातातून काढून घेतलं होतं आणि तिनं स्वतःच्या वाट्यातून काढून माझ्या हातात घातलं.

अलका चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिनं कप आवाज न करता ठेवला आणि ती गेली. बाकाची डावी बाजू रिकामीच ठेवून मी हात लांब केला आणि तिसऱ्या कळीवर बोट ठेवलं. तिच्यावरचा आकडा ताईच्या बोटानं पार पुसला गेला आहे. एका गुणात काळ किती थांबतो हे मला पूर्वी कधी मोजावं लागलं नव्हतं. अर्ध्या श्वासाइतका थांबतो. तेवढा श्वास सोडला, तिथेच धरला, आणि दार उघडलं.